बिडीची सुट्टी

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी स्टाफरूमच्या खिडकीच्या जाळीला कापसाचे तंतू चिकटलेले दिसले. म्हणजे समोरची जिनिंग, कापसातून सरकी वेगळी काढणारी गिरणी, सुरू झाली. घाटंजीत हंगाम आल्याचं मला कॅलेंडर सांगत नाही, ही जाळी सांगते. मग रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. ताडपत्रीखालून धुळीचा आणि सुकल्या बोंडांचा वास येतो, त्यात सरकीचा तेलकट वास मिसळतो, आणि यंत्रांची घरघर वर्गात येऊन बसते. मी फळ्यावर समीकरण सोडवत असते आणि मागच्या बाकावरची पोरं त्या घरघरीच्या तालावर पाय हलवत असतात. त्यांना रागावून उपयोग नाही. कधीकधी माझाही खडू त्याच तालावर चालतो.

थंडी पडली की काहींचे गुडघे दुखतात. माझं जे दुखतं ते कापूस आला की दुखतं. त्याला नाव द्यायची मला आता लाज वाटत नाही. मला हेवा वाटतो. मत्सर म्हणा, जळणं म्हणा. आमच्याकडच्या बायका सरळ म्हणतात, 'तिच्या पोटात दुखून राह्यलं,' आणि तेच जास्त खरं आहे. माझ्या पोटात दुखतं. ज्याच्यामुळे दुखतं ती कोणी बाई नाही. जिनिंगच्या गेटबाहेर एक कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली रोज तीन-चार माणसं बिडी ओढायला उभी राहत, आणि त्यांच्यात माझा नवरा असे. स्टाफरूमची खिडकी नेमकी त्या झाडासमोर उघडते. ज्याने ही शाळा बांधली त्याला माझ्या संसाराची माहिती असण्याचं कारण नव्हतं, पण खिडकी त्याने अगदी हिशेबाने ठेवली आहे.

आता झाडाखाली कोणी नाही. तरी पोटात दुखतं, म्हणून लिहायला बसले.

जिनिंगवाल्यांना चोराची भीती नसते, ठिणगीची असते. आत घराएवढी कापसाची गंजी असते. एक ठिणगी पडली तर बंब येईपर्यंत राख उरते. त्यामुळे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करू नये असा कायदा देशात कधी झाला ते झाला, आमच्या जिनिंगमध्ये तो आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे. गेटवरचा चौकीदार येणाऱ्या प्रत्येकाकडून माचीस काढून घेतो. हमाल असो, शेतकरी असो, शेठचा व्याही असो. चौकीत पत्र्याचा एक डबा आहे, त्यात दिवसभर गावाच्या माचिशी पडलेल्या असतात आणि संध्याकाळी ज्याची त्याला मिळते. बदलली तर भांडणंही होतात, कारण माचिशीच्या डबीवर कोणाचं तरी नाव थोडंच असतं.

आत ओढायची बंदी, म्हणून बाहेर जाऊन ओढायची मुभा. या मुभेला सगळे 'बिडीची सुट्टी' म्हणत. सकाळी एकदा, दुपारी एकदा. पण ही सुट्टी फक्त ओढणाऱ्यांना. जो ओढत नाही त्याने गेटबाहेर जायचं काही कारण नाही, असा मुकादमाचा सरळ न्याय होता. कानावर बिडी असलेला माणूस बाहेर सोडायचा. रिकाम्या कानाचा माणूस परत आत, त्या उडणाऱ्या रुईत. मला ही रीत वर्षानुवर्षं माहीत होती. तिचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला, आणि तोही भर सभेत.

माझा नवरा सुधाकर या जिनिंगमध्ये ग्रेडर होता. गाडी आली की ताडपत्री उचलायची, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ताणायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं, ओलावा किती आहे ते तळहाताला विचारायचं आणि एक शब्द बोलायचा. 'चालते.' किंवा 'वल्ला हाय.' दिवसभर असे एकेक शब्द बोलायची सवय लागली की माणूस घरीही तसाच बोलतो, असं मी स्वतःला समजावत असे. आमचे संवाद ऐकाल तर हसाल. 'भाजी बरी झाली का?' 'बरी हाय.' 'रियाचा फोन आला होता, तिची बदली होणार म्हणते.' 'हो का.' आमची मुलगी पुण्याला नोकरीला. तिच्या बदलीच्या बातमीलाही त्याच्याकडून दोनच शब्द मिळत. गणिताची बाई म्हणून मला थोडक्यात उत्तर आवडतं, पण संसारात थोडी पायरीवार मांडणीही हवी की नाही?

आणि तोच माणूस कडुलिंबाखाली हातवारे करून बोलायचा. काचेतून आवाज येत नसे, पण चित्र दिसे. एक पाय बुंध्याला टेकवलेला, बोटांत बिडी, आणि तोंड सारखं चालू. त्याच्या बाजूला रज्जाकभाई, प्रेसवर गाठी बांधणारे, अंगाने आडवे आणि हसले की पोटासकट हसणारे. दुसऱ्या बाजूला काट्यावर बसणारा देविदास राठोड, तांड्यावरून रोज सायकलने येणारा, गळ्यात मफलर. सुधाकर काहीतरी सांगायचा, देविदास मफलर तोंडावर धरून वाकायचा, रज्जाकभाई झाडावर थाप मारायचे. माझा नवरा विनोदी आहे! हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी एका खिडकीतून कळत होतं, आणि विनोद काय होता ते कधीच कळत नव्हतं.

एकदा संध्याकाळी मी विचारलं, "आज एवढं काय हसत होते तुम्ही?"

"कोन? मी?" तो म्हणाला. "काही नाही. असंच."

त्या 'असंच'मध्ये काय काय होतं ते रज्जाकभाईंना माहीत होतं. देविदासला माहीत होतं. कडुलिंबालाही माहीत असावं. मी मात्र खिडकीतली प्रेक्षक, तीही मूकपटाची.

बिडीला मी कधी सवत म्हटलं नाही. आमच्या शेजारच्या बाई नवऱ्याच्या दारूला सवत म्हणतात, शिव्या देतात, बाटली फोडतात. बिडीशी माझं तसं वैर नव्हतं. रिया झाली तेव्हा सुधाकरने बिडी सोडतो म्हणून कबूल केलं होतं आणि पुढे एकदा 'सोडली' असंही सांगितलं होतं. तोच एक शब्द, कापसाला देतो तसा. पण मी रोज डोळ्यांनी बोटांत बिडी बघत होते. माझा डोळ्यांवर विश्वास. खोटं बोलतो म्हणून राग यायचा, पण खरं सांगते, खोटं टोचत नव्हतं. माझ्याशी खोटं आणि त्यांच्याशी खरं, हे टोचत होतं.

ज्या हंगामाची आठवण ही जाळी दर वर्षी करून देते, तो तीन-चार वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी पाऊस लांबला होता, कापूस उशिरा फुटला आणि फुटला तो एकदम. गाड्यांची रांग थेट शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि पोरं बैलांच्या मधून वाट काढत वर्गात यायची. त्याच सुमारास जिनिंगमध्ये आरोग्य शिबिर झालं. सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले. मी सुधाकरला विचारलं, "काय निघालं?" तो म्हणाला, "निघते काय? फोटो निघाला."

पुढच्या आठवडी बाजारात मी वांगी निवडत होते. बाजूला रज्जाकभाईंच्या बायको शमीमभाभी आल्या. हात धरून म्हणाल्या, "अल्लाचा शुकर हाय वहिनी, सगळं चांगलं निघालं. मी तर ते दोन दिवस जेवले नाही नीट. हे येऊन सांगून राह्यले, सुधाकरभाईच्या छातीवर सावली दिसली म्हणून."

माझ्या हातात वांगं होतं. ते मी परत ढिगात ठेवलं.

तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. फोटोत सावली दिसली होती. सुधाकरने ती कडुलिंबाखाली सांगितली. रज्जाकभाई त्याला मोटरसायकलवर मागे बसवून यवतमाळला घेऊन गेले, मोठ्या डॉक्टरला दाखवलं, दुसरा फोटो काढला. जुना, कधीतरी भरून आलेला डाग निघाला, काळजीचं काही नव्हतं. येताना दोघांनी रस्त्यात भजी खाल्ली. मला त्या दिवशी सांगितलं होतं, 'मशीनचा पट्टा आणाले जातो.' शमीमभाभींना वाटलं, मला सगळं माहीत आहे. मीही मान डोलावत राहिले. माहीत नाही असं कोणत्या तोंडाने सांगणार?

नवऱ्याच्या जिवाला घोर लागला तर आधी घाबरायचा मान बायकोचा असतो. तो मानसुद्धा रज्जाकभाईंकडे गेला होता. शमीमभाभी माझ्या नवऱ्यासाठी उपाशी राहिल्या आणि मी त्या दोन दिवसांत, मला पक्कं आठवतं, करंज्यांच्या उरलेल्या सारणाचे लाडू वळत होते. त्या भज्यांचाही मला हेवा वाटला. मला भजी आवडत नाहीत, तरीसुद्धा.

घरी येऊन मी विचारलं, "मला काहून नाही सांगितलं?" रागात माझीही वऱ्हाडी बाहेर येते.

"तू घाबरली असती."

"अन् रज्जाकभाई नाही घाबरले?"

"तो घाबरला न. तोच तर घेऊन गेला."

मी पोळ्या लाटल्या. त्या दिवशी एकही गोल झाली नाही.

आणि बघा, योगायोग कसा असतो. त्याच पंधरवड्यात शाळा तंबाखूमुक्त करायचं परिपत्रक आलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, जबाबदारी कोण घेतं? एरवी अशा कामाला आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो. मी हात वर केला. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत, तिथे रस्त्यावर पिवळी रेषा आखायची, फलक लावायचा. कडुलिंबाला टेकून एक पानठेला होता. मंडळी तिथूनच बिडी घेत आणि झाडाखाली ओढत. शाळेच्या मोठ्या फाटकापासून टेप लावला तर ठेला थोडक्यात रेषेबाहेर राहत होता. पण शाळेला मागच्या बाजूला एक छोटं दार आहे. कापसाच्या दिवसांत मोठ्या फाटकाशी गाड्यांची कोंडी होते म्हणून तेवढ्या महिन्यांपुरतं ते उघडतो. मी शिपायाला म्हटलं, टेप त्या दारापासून लावा.

"मॅडम, ते दार तं उन्हाळ्यात बंद राहते," शिपाई म्हणाला.

"आता उघडं आहे न?" मी म्हटलं.

कडुलिंब रेषेच्या आत आला. रंगाचा ब्रश मी स्वतः धरला होता. पोरांच्या आरोग्यासाठी धरला होता, हे खरंच आहे. आणखी कशासाठी धरला होता तेही खरं आहे. दोन्ही एका ब्रशला मावलं. मला आजही त्याचा पस्तावा नाही.

ठेला नाल्याच्या पुलापलीकडे गेला. त्याच्यामागे मंडळीही गेली. मी जिंकले. पहिल्या दिवशी खिडकीतून रिकाम्या झाडाकडे बघत मी चहा प्यायले आणि तो गोड लागला. दुसऱ्या दिवशी मात्र बेचैन झाले. आधी निदान दिसत तरी होतं. आता तो किती हसतो, कोणाच्या खांद्यावर हात ठेवतो, काही कळेना. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, पण माझी सृष्टी दृष्टीआड जाऊन दुप्पट मोठी झाली. पुलापर्यंत चालत जायचं म्हणजे त्यांना आता सुट्टीही जास्त वेळ मिळत होती. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

हंगाम उतरणीला लागला तेव्हा जिनिंगच्या शेडमध्ये सभा झाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक तरुण डॉक्टर आले होते. शेठ होते, आमचे मुख्याध्यापक होते, आणि तंबाखूमुक्त शाळेची प्रमुख म्हणून मी खुर्चीवर. समोर ताडपत्रीवर सगळे कामगार बसलेले. यंत्रं बंद होती, तरी हवेत रुई तरंगतच होती. डॉक्टरांच्या काळ्या केसांवर ती बसत होती आणि ते सारखे हात फिरवत होते. त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. त्यावर दोन दांड्या, एक उंच, एक बुटकी. उंच दांडी म्हणजे पिवळी रेषा येऊन बंदी कडक होण्याआधीचे छातीचे रुग्ण, बुटकी म्हणजे नंतरचे.

"बघा," ते म्हणाले, "बंदीचा किती फायदा झाला."

शेठनी टाळ्या वाजवल्या. शेठला हा तक्ता फारच आवडला होता. छाती बिघडते ती बिडीने, असं एकदा ठरलं की रुईच्या धुळीचं नाव निघत नाही, पंखे लावा म्हणून कोणी मागे लागत नाही. कामगारांचं बरोबर उलटं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "बिडीनं काही होत नाही जी, आमचा बाप ओढत होता, नव्वदीचा होऊन मेला. हे धूळ खाते मानसाले." शेठ म्हणाले, बिडी. ते म्हणाले, धूळ. दोघांनाही आपल्या सोयीचा गुन्हेगार हवा होता.

मला तक्त्यातली गोम पहिल्या नजरेत दिसली होती. सुधाकर समोर बसला होता, रज्जाकभाई आणि देविदासच्या मध्ये, आणि तो माझ्याकडे बघत होता. त्यालाही दिसली असावी. मी उठले. खरं कारण सांगते. गणिताची चाड होतीच, पण मनात असंही आलं, की उद्या पुलापलीकडे एकदा तरी माझ्याबद्दल बोलणं व्हावं. सुधाकरने बोटांत बिडी धरून म्हणावं, आमची हिनं काय मुद्दा काढला!

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमची उंच दांडी उन्हाळ्यातल्या महिन्यांची आहे आणि बुटकी कापसाच्या महिन्यांची. कापूस सुरू असताना इथे कोणी दवाखान्यात जात नाही. माणसं खोकला अंगावर काढतात आणि काम संपलं की मग जातात. त्यामुळे बंदी असो-नसो, हंगामात दांडी बुटकीच दिसणार."

शेडमध्ये खसखस पिकली. मी पुढे म्हटलं, "पण म्हणून बिडी निर्दोष ठरत नाही. ती वाईटच आहे. किती वाईट आणि धूळ किती वाईट, हे वेगळं काढायचं असेल तर एकाच धुळीत काम करणारी दोन प्रकारची माणसं लागतील. ओढणारी आणि न ओढणारी. त्यांच्या छात्या शेजारी ठेवून बघा."

डॉक्टर चांगले होते. चिडले नाहीत. "तुमचं बरोबर आहे मॅडम," ते म्हणाले आणि शिबिरातले कागद चाळू लागले. "पण अडचण बघा. इथे बिडी न ओढणारा कोणी सापडतच नाही. सगळ्यांनी 'ओढतो' असंच सांगितलंय."

तेवढ्यात देविदासला हसू आवरेना. मफलर तोंडावर धरला तरी ते बाहेर आलंच. "एक हाय न जी," तो म्हणाला. "मॅडमच्या घरीच हाय. ग्रेडरसाहेबानं कधीची सोडली. नुसती हातात धरते अन् उभं राह्यते आमच्यासंगं. बिडी नसली तं सुट्टी कोन देईन?"

"देव्या!" रज्जाकभाईंनी त्याला कोपराने ढोसलं. पण शेड हसत होती, मुकादमसुद्धा. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. गेटवरच्या चौकीदारालाही माहीत असणार, कारण माझ्या नवऱ्याची माचीस त्याच्या डब्यात कधी पडतच नव्हती. ज्याला एवढं साधं कळलं नाही असं सगळ्या शेडमध्ये एकच माणूस होतं, आणि ते खुर्चीवर बसलं होतं.

सुधाकर खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. एका कानावर बिडी होती.

घरी जाताना आम्ही रस्त्याच्या दोन कडांनी चाललो. दारात पोचल्यावर मी म्हटलं, "मला सांगता येत नव्हतं?"

"सांगतलं होतं न," तो म्हणाला. "सोडली म्हनून."

"मी रोज खिडकीतून बघत होते तुमच्या हातात."

"मले मालूम होतं तू पाहते. मंग आणखी काय सांगू? तुले तुझे डोळे खरे वाटत होते."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलं न? शेजारी उभं राहणाऱ्याच्याही छातीत धूर जातो. सोडून फायदा काय झाला?"

तो जोडे काढत होता. दुसरा जोडा भिंतीशी ठेवून म्हणाला, "आत रुई, बाहेर धूर. बाहेर निदान मानसं तरी होते."

दुसरी कोणी असती तर तिने साखर वाटली असती. नवरा खोटारडा नव्हता. त्याने माझ्या शब्दाखातर बिडी सोडली होती आणि दिलेला शब्द पाळलाही होता. मला आनंद झाला, नाही असं नाही. रात्री भाजीत खोबरं जरा जास्तच घातलं. पण अंथरुणावर पडल्यावर पोटात जे दुखायला लागलं ते आधीच्यापेक्षा खोल होतं. बिडी त्याला ओढून नेत होती तोवर ठीक होतं. व्यसन म्हणजे आजार, आजारावर गोळ्या असतात, समुपदेशन असतं, परिपत्रकं असतात, पिवळी रेषा असते. पण त्याला काहीच ओढत नव्हतं. तो आपल्या पायांनी, न पेटवलेली बिडी हातात घेऊन, दुसऱ्यांचा धूर खायला दिवसातून दोनदा जात होता. यावर गोळी कुठे मिळते? त्याच्या छातीचा पुन्हा फोटो काढला तर त्यात रज्जाकभाईंचा धूर निघेल, देविदासचा निघेल. माझं काय निघेल? मी इतकी वर्षं त्याच छातीशेजारी झोपत आले.

त्या सभेनंतर शेठनी बिडीची सुट्टी बंद करून टाकली. न ओढणाराही तिचा फायदा घेतो, हे कारण झालं. तिच्या जागी सगळ्यांना आतच चहा मिळू लागला, आपापल्या जागेवर. पंखेही लागले, दोन. कायदा पाळला गेला, ठिणगीची भीती गेली, धूर कमी झाला. डॉक्टरांना पुन्हा तक्ता करायचा असता तर दांडी आणखी बुटकी निघाली असती आणि ती कदाचित खरीही असती. बंदीच्या बाजूने कोणी हात वर करा म्हटलं तर मी अजूनही करीन. माझ्या शाळेतली पोरं आता त्या वाटेने धुरातून जात नाहीत. पण कशाकशाची घट झाली हे मोजायचं म्हटलं तर तक्त्यावर आणखी एक दांडी काढावी लागेल, आणि ती कशाची ते डॉक्टरांना सांगता येणार नाही.

सुधाकर त्यानंतर घरी अधिक बोलू लागेल, असं मला वाटलं होतं. तिथलं बंद झालं की पाणी इकडे वळेल, असा माझा साधा हिशेब. तो चुकला. तिथलं बंद झालं आणि इथलं होतं तेवढंच राहिलं. मी त्या मंडळींना एकदा घरी जेवायलाही बोलावलं. बटाट्याचा रस्सा, भाकरी, ठेचा. तिघंही खुर्च्यांवर ताठ बसले. रज्जाकभाई म्हणाले, "भाभी, लाजवाब." देविदास म्हणाला, "वहिनी, पुरे." मग पावसावर बोलणं झालं. मी मुद्दाम आत जाऊन भांड्यांचा आवाज करत राहिले, की आता तरी सुरू होईल. बाहेर सगळं चिडीचूप. ते गेल्यावर मला त्यांची कीव आली आणि त्यातही थोडं पोट दुखलं, कारण जे बघायला मी त्यांना बोलावलं होतं ते त्यांनी माझ्या उंबऱ्याबाहेरच ठेवलं होतं.

यंदा सुधाकर घरी आहे. साठी झाली, जिनिंग सुटली. रज्जाकभाई मुलाकडे नांदेडला राहायला गेले. देविदासने सायकल विकून तांड्याजवळच आपल्या वावरात लक्ष घातलंय. आता माझा नवरा सगळाच्या सगळा माझा आहे. मी शाळेतून येते तेव्हा तो अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो आणि फाटकाकडे बघत असतो. 'आली का?' 'आले.' जिनिंगवरून आलेला वारा त्याच्या शर्टावर एखादा तंतू आणून ठेवतो. सुधाकर तो उचलतो, अंगठ्यांत धरून ताणतो, लांबी बघतो आणि सोडून देतो. कोणाला सांगणार, चालते की वल्ला हाय?

परवा कपडे धुवायला घेताना त्याच्या शर्टाच्या खिशात बिडी सापडली. एकच, कागदासारखी वाळलेली, पानाचा रंग उडालेला. कधीची असेल कोण जाणे. मी ती घेऊन अंगणात गेले. त्याला वाटलं, आता भांडण.

"वढत नाही मी," तो घाईने म्हणाला. "तशीच हाय ते."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "उठा. चला बाहेर."

"कुठं?"

"सुट्टी झाली."

त्याला कळेना. मी फाटक उघडून रस्त्यावर जाऊन उभी राहिले, आमच्याच कुंपणाला पाठ टेकवून, आणि बिडी दोन बोटांत धरली. चुकीचीच धरली असणार, कारण तो बाहेर येऊन आधी माझ्या बोटांकडे बघत राहिला. तेवढ्यात समोरून शाळेतल्या एका मुलाची आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. तंबाखूमुक्त शाळेच्या मॅडमच्या हातात बिडी! तिने एकदा बिडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि भाऱ्यासकट इतक्या जोरात वळली की अर्धं गवत रस्त्यावर सांडलं.

सुधाकर हसला. पाय कुंपणाला टेकवून, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. काचेतून दिसायचं तेच हसू होतं. त्याला आवाज आहे, आणि तो जरा खरखरीत आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

हसू ओसरल्यावर त्याने डोळे पुसले आणि तो बोलायला लागला. थांबेचना. हातवारे करत, अधूनमधून माझ्या दंडावर थाप मारत, पायरीवार, एकही पायरी न गाळता.

"हे रज्जाकनं पाह्यलं असतं न," तो म्हणाला, "तं तो इथंच लोळला असता. तुले सांगतो, एक डाव रज्जाक अन् मी..."

सगळं रज्जाकभाईंबद्दल होतं. माझं पोट दुखत होतं. पण बोटांतली बिडी मी तशीच धरून ठेवली, कारण ती टाकली असती तर सुट्टी संपली असती.